नकाशाचे चित्र नको, नकाशाची सेवा हवी

गाळा घेताना आमचा व्यापारी बांधव दहा ठिकाणी चौकशी करतो. भाव, वीज, पाणी, शेजार सारे पाहतो. मात्र त्या जागेवरून रुंदीकरणाचा रस्ता जाणार आहे काय, हे नकाशावर पाहणारे थोडेच. नकाशा हे इंजिनियरचे काम, अशी आपली समजूत आहे. ही समजूत नुकसानीची आहे, असे आम्हांस वाटते.

एका मापाचा नट कोणत्याही कारखान्याच्या बोल्टला बसतो, कारण माप ठरलेले असते. नकाशांचेही असे माप ठरले आहे. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने २००० साली ‘वेब मॅप सर्व्हिस’ हा नियम आणला. २००५ साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. यात आपला संगणक प्रथम विचारतो, ‘तुमच्याकडे कोणते थर आहेत?’ मग मागतो, ‘या भागाचा हा थर पाठवा.’ नकाशा चित्ररूपाने येतो. ‘वेब फीचर सर्व्हिस’ त्यापुढे जाऊन सीमा व ठिकाणांची माहितीच पाठवते. तिची मोजदाद करता येते.

इस्रोने २००९ साली सुरू केलेल्या ‘भुवन’वरून जमीन-वापराचे थर अशा सेवेने मिळतात. ‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात सेवेचा पत्ता भरला की थर दिसतो. त्यावर आपली गिऱ्हाइके, गोदामे, मालाच्या गाड्यांचे रस्ते मांडता येतात.

मर्यादाही सांगितली पाहिजे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. परिसर समजेल, गाळ्याची हद्द नाही. हद्दीसाठी सरकारी मोजणी व मिळकत पत्रिकाच पाहावी.

आमची खरी तक्रार निराळी आहे. अनेक ठिकाणी शहराचा विकास आराखडा केवळ चित्र म्हणून संगणकावर ठेवलेला असतो. तो मोठा केला की अक्षरे पुसट होतात, आणि दुसऱ्या नकाशावर तो आपोआप बसत नाही. मग जाणकार दलाल शोधावा लागतो. केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गोपनीय माहिती वगळता जनतेच्या पैशातून तयार झालेली नकाशाविषयक माहिती भारतीय नागरिकांना व संस्थांना सहज मिळावयास हवी. तेव्हा हे मागणे मेहेरबानीचे नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक व्यापारी संघटनेने कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलामुलींना हे काम शिकवावे, आणि आपल्या नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्यावा की, आराखडा ठरलेल्या मानकाप्रमाणे खुला करा. आयुष्याची कमाई गाळ्यात घालणाऱ्या कारागिराला त्या जागेचे भवितव्य सौद्याआधी कळले पाहिजे, नोटीस आल्यावर नव्हे.