खाडा कोणाचा आणि पिशवी कोणाची?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



हंगाम तोंडावर आला की या पानावर लागण, खोडवा, हुमणी, माती परीक्षण असे विषय येतात. ते पुढेही येतील. या वेळी मात्र ऊस तोडणाऱ्या बाईविषयी चार शब्द लिहायचे आहेत. ती आपल्याच फडात उभी असते, तेव्हा विषय परका नाही.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याची बातमी देशभर झाली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायकांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे हे प्रमाण देशात साधारण तीन होते. यावरून फरक किती ते ध्यानात येईल.

असे का झाले? सहा महिने पालात राहायचे. पाणी लांब, आडोसा नाही. पहाटे उठून भाकरी करायच्या, दिवसभर तोडायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते. यातली पुष्कळ दुखणी औषधाने बरी होणारी असतात. पण बाई दवाखान्यात गेली की कॅन्सरची भीती घातली जाते आणि पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो. तिलाही वाटते, पाळीची कटकट गेली, खाडे वाचले. चाळिशीच्या आत पिशवी जाते. बरोबर अंडकोषही काढले असतील तर हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते, ताकद जाते. शिवाय ऑपरेशनचा खर्च उचलीत चढतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोयता.

आता खाड्याचा हिशेब बघू. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरले तर दोघांचे ७३२ रुपये होतात. बाईच्या वाट्याचे ३६६. एका दिवसाचा खाडा मात्र ठिकठिकाणी ५०० रुपये किंवा त्याहूनही जास्त कापला जातो. काम टनावर आहे. ज्या दिवशी तोडले नाही त्या दिवशीची मजुरी मिळतच नाही. मग वरून खाडा कशाचा? आजारी पडल्याबद्दल एकाच दिवसाची दोनदा शिक्षा झाली.

इथे प्रत्येकाची अडचण खरी आहे, हे मी नाकारत नाही. मुकादमाने उचल वाटलेली असते; टोळी पळाली तर तो बुडतो. उचल घेऊन टोळ्या न आल्याने गाडीमालक कर्जात गेलेले आपण डोळ्यांनी बघितले आहेत. सभासदाला वाटते, तोडीचा प्रोग्राम आला आहे, आज फड मोकळा झाला पाहिजे, मागे गहू करायचा आहे. माझ्या खात्याला गव्हाण भरती ठेवायची असते. ऊस कमी पडला की पहिला फोन मलाच येतो. डॉक्टर म्हणतो, बाई पुन्हा तपासायला येणार नाही, आजच काय ते करून टाकू. ज्याच्या-त्याच्या जागेवरून ज्याचे-त्याचे बरोबर. आणि सगळ्यांच्या बरोबरचा भार शेवटी एका बाईच्या पोटावर येऊन पडतो.

असा पेच सोडवायचा कसा? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, कोणते नुकसान भरून निघते आणि कोणते निघत नाही, हे आधी बघावे. हे तुम्हाला मी सांगायला नको. तोडलेला ऊस थांबत नाही. चोवीस तासांत गाळला नाही तर वजन घटते, उतारा घसरतो. पण उभा पक्व ऊस एक-दोन दिवस थांबला तर फारसे काही बिघडत नाही. बाई सकाळी आजारी असेल तर त्या कोयत्याचा ऊस दुसऱ्या दिवशी तोडावा. तोडून झाल्यावर आजारी पडली तर टोळीतल्या इतरांनी गाडी भरावी, लागलेच तर सभासदाने घरचे एखादे माणूस द्यावे. उसाचे नुकसान असे भरून निघते. काढलेली पिशवी परत बसत नाही.

दुसरी, ज्याचा फायदा त्याच्याच हाती निकाल नसावा. बाई आजारी आहे की नाही हे खाडा कापणाऱ्या मुकादमाने ठरवू नये. पिशवी काढायची की नाही हे फक्त ऑपरेशनचे बिल करणाऱ्या डॉक्टरने ठरवू नये. बीड जिल्ह्यात २०१९ नंतर खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे सक्तीचे केले, ते याचसाठी. आपल्याकडेही तातडीचा प्रसंग सोडून सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घेतल्याशिवाय ऑपरेशनसाठी उचल मिळू नये, आणि त्या दवाखान्यापर्यंत जायला गाडी कारखान्याने द्यावी.

तिसरी, नियम हंगामाआधी ठरावा. फडाच्या कडेला, गाडी अर्धी भरलेली असताना न्याय होत नाही. तोडणी-वाहतुकीच्या करारातच लिहावे की आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांचा खाडा नाही.

काही सभासद म्हणतील, बायका खोटे सांगून बसतील. ज्या दिवशी बसल्या त्या दिवसाची मजुरी बुडतेच. भरल्या हंगामात उगाच कोण बसेल? टोळी पळण्याचा धोका खरा आहे, पण त्यावर इलाज कागदपत्रे तपासणे आणि पक्का करार हा आहे. पोट दुखणाऱ्या बाईकडून पाचशे रुपये कापल्याने पळालेली टोळी परत येत नाही. कोणी म्हणेल, हार्वेस्टर आले की प्रश्नच संपेल. लहान तुकड्यांत, लोळलेल्या उसात आणि ओल्या रानात मशीन चालत नाही हे आपण जाणता. कोयता अजून बरीच वर्षे लागणार आहे.

१९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्याने सावकाराच्या वहीतून सुटावे, ही त्यामागची तळमळ होती. आपण सुटलो. आपला ऊस तोडणारा मात्र उचलीच्या वहीत अडकलेलाच आहे. ही गोष्ट सहकाराला शोभणारी नाही.

म्हणून माझी विनंती आहे की येत्या वार्षिक सभेत 'आजारपणाचा खाडा नाही' हा विषय सभासदांनीच मांडावा. शेतकी खात्याने सुचवले तर ते परिपत्रक होते, सभासदांनी ठराव केला तर तो कारखान्याचा शब्द होतो. आणि ठराव होईपर्यंतही एक गोष्ट प्रत्येकाच्या हातात आहे. आपल्या फडात बाई आडवी पडली तर मुकादमाला स्वतः सांगा, "आज राहू दे, माझा ऊस उद्या तोड." फडाच्या मालकाने असे म्हटल्यावर खाडा कापण्याआधी मुकादमाला विचार करावा लागेल.