पडल्यानंतरचे दहा आकडे

माझ्या भाच्याला जुन्या मुष्टियुद्धांचे वेड आहे. त्याच्या जन्माआधी कितीतरी वर्षे झालेल्या लढती तो मोबाइलवर पुनःपुन्हा पाहतो आणि रविवारी चहाच्या वेळी माझ्यासमोर एखादा प्रश्न टाकतो. परवा त्याने विचारले, ‘‘मामा, हेवीवेटच्या जगज्जेत्यांमध्ये सगळ्यांत चिवट कोण? मार्सियानो, फ्रेझर की अली?’’ त्याची यादी तयारच होती आणि मोजमापही एकच होते. कोणी किती ठोसे खाल्ले आणि तरीही उभा राहिला? ठोसे जितके जास्त, तितका नंबर वर. फ्लॉइड पॅटरसनला त्या यादीत जागाच नव्हती. ‘‘तो तर सारखा पडायचा,’’ असे म्हणून भाच्याने त्याला निकालात काढले.

माझा मतभेद नेमका इथे आहे. कुस्ती पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांची अशी गल्लत होणे साहजिकच. कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ खलास. मुष्टियुद्धात मात्र माणूस पडला की पंच आकडे मोजायला लागतो. दहा म्हणेपर्यंत उठलास तर तू अजून लढतीत आहेस. चिवटपणाची खरी परीक्षा या दहा आकड्यांत होते, असे मला वाटते.

रॉकी मार्सियानोचेच घ्या. ४९ लढती, ४९ विजय, त्यांपैकी ४३ प्रतिस्पर्ध्याला गारद करून. एवढा हिशेब पाहिला की वाटते, या माणसाला कधी कोणी हलवलेच नसेल. पण २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटने पहिल्याच फेरीत त्याला खाली पाडले होते. कारकिर्दीत प्रथमच तो पडला. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकेत तो मागे होता. तेराव्या फेरीत त्याचा उजवा ठोसा बसला आणि अजिंक्यपद त्याच्याकडे आले. दोन वर्षांनी एझार्ड चार्ल्सविरुद्ध त्याचे नाक फाटले, रक्त थांबेना. लढत कधीही थांबवली जाईल हे त्याला कळत होते. आठव्या फेरीत त्याने चार्ल्सला संपवले. मार्सियानो चिवट होताच, त्याबद्दल भाच्याशी माझे भांडण नाही.

आता त्या पॅटरसनकडे येऊ. २६ जून १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या फेरीत सात वेळा पाडले. लोक हे सात पडणे लक्षात ठेवतात. तो सातही वेळा उठला, पंचांनी लढत थांबवली तेव्हा पायांवर उभा होता, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याच्याआधी पद गमावलेल्या एकाही हेवीवेट विजेत्याला ते परत मिळवता आले नव्हते. वर्षभरात, २० जून १९६० रोजी, पॅटरसनने पाचव्या फेरीत योहान्सनला गारद केले आणि ते मिळवले. मग बेशुद्ध पडलेल्या प्रतिस्पर्ध्याजवळ तो गुडघे टेकून बसला. पुढे सनी लिस्टनने त्याला दोनदा पहिल्याच फेरीत लोळवले. शरमेने खोटी दाढी लावून तो लोकांपासून लपला. इतका हळवा माणूस! आणि तरी तो पुन्हा रिंगणात आला, १९७२ पर्यंत लढत राहिला. जो कधी पडतच नाही त्याच्या धाडसाला मर्यादा असते; पडण्याची चव माहीत असून जो परत येतो, त्याचे वजन मला जास्त वाटते.

जॉर्ज फोरमनचेही तसेच. १९७३ मध्ये किंग्स्टनला त्याने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. पुढच्या वर्षी किन्शासात अलीने आठव्या फेरीत त्यालाच आडवे केले. १९७७ मध्ये फोरमनने खेळ सोडला, तो धर्मोपदेशक झाला. दहा वर्षांनी परतला तेव्हा लोक हसले. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी मायकेल मूररसमोर तो गुणांवर मागे होता. दहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने काम झाले. वय ४५. किन्शासात हरलेले पद परत मिळवायला त्याला वीस वर्षे लागली. पंचांचे दहा आकडे काही जण इतक्या सावकाश मोजून घेतात.

मग अली? अलीबद्दल बोलताना माझाही आवाज बदलतो. १९७३ मध्ये केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला, तरी तो बाराही फेऱ्या लढला. हे वाचून आम्ही तरुणपणी टाळ्या वाजवल्या होत्या. आज तेवढ्या मोकळेपणाने वाजवता येत नाहीत. खाल्लेला ठोसा आपण जमेच्या बाजूला लिहितो. शरीर तो उधारीच्या खात्यात मांडते. १९७७ च्या शेव्हर्सविरुद्धच्या लढतीनंतर अलीचे डॉक्टर फर्डी पचेको त्याच्यापासून दूर झाले, कारण थांबण्याचा त्यांचा सल्ला कोणी ऐकत नव्हते. १९८० मध्ये लॅरी होम्सने त्याला दहा फेऱ्या झोडपले, तेव्हा अखेर त्याच्या कोपऱ्यातूनच लढत थांबवली गेली. १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, याविषयी डॉक्टरांत मतभेद आहेत. पण अलीने खाल्लेले ठोसे मोजून त्याला वरचा नंबर देताना माझा हात आता अडखळतो. पॅटरसननेही १९९८ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा आयोगाचे पद सोडले, ते स्मृती साथ देईना म्हणून.

म्हणून मी भाच्याला १ ऑक्टोबर १९७५ ची मनिलाची लढत पुन्हा पाहायला सांगितली. मात्र ठोसे नव्हे, चौदाव्या फेरीनंतरचा फ्रेझरचा कोपरा पाहायला. फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते, त्याला नीट दिसत नव्हते, तरी त्याला उठायचे होते. फक्त एक फेरी उरली होती. प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठू दिले नाही. रिंगणात माणसे मरताना त्यांनी पाहिली होती. फ्रेझरला तो निर्णय पटला नाही. पण त्यानंतर तो ३६ वर्षे जगला.

त्या क्षणी तिथे सर्वांत कणखर कोण होते? समोरच्या कोपऱ्यात थकून गेलेला अली, उठू पाहणारा फ्रेझर, की त्याच्या खांद्यावर हात ठेवणारे, तेव्हा पासष्टीच्या घरातले फच?

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मामा, पण ते तर चॅम्पियन नव्हते.’’

खरे आहे. म्हणून त्यांचे नाव यादीत घालता येणार नाही. पण पॅटरसनला घे, म्हटले. वरच्या तिघांत घे.