उद्योगपति आणि गांवकी

इंदापूर तालुक्यांतील कळंब या गांवाशेजारीं वालचंदनगर उभें आहे, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु एका व्यापाऱ्याचें नांव एका नगरास कां मिळालें, आणि त्यावरून आपण काय शिकावें, याचा विचार व्हावा तितका होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांत एका जैन व्यापारी घराण्यांत झाला. घरच्या पेढीवर स्वस्थ न बसतां, पूर्वीं रेल्वेंत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीनें त्यांनीं रेल्वेचीं कंत्राटें घेतलीं. पुढें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनकडे निघाली. परकी कंपन्यांच्या मक्तेदारीस तें उघड आव्हान होतें. १९४० सालीं बंगळूरचा विमानांचा कारखाना, १९४१ सालीं विशाखापट्टणचा जहाजांचा कारखाना व १९४४ सालीं मोटारींची कंपनी, इतकीं कामें त्यांनीं आरंभिलीं. कळंबच्या माळावर १९३० नंतरच्या दशकांत साखरेचा कारखाना निघाला व त्याच्या भोंवतीं वसाहत वाढली.

वसाहत वसविणें म्हणजे पाणी, रस्ते, दिवे व शाळा यांची चिंता वाहणें. हीच तर गांवकी! म्हणून कित्येक जण विचारतात, कीं असा कर्तबगार गृहस्थच गांवाचा पुढारी कां नसावा? हिशेबाची चोख संवय, दिलेला शब्द पाळणें आणि नुकसानीस न डरणें, हे उद्योगपतीचे गुण सार्वजनिक कामांत दुर्मिळ आहेत, हें आम्हांस मान्य आहे.

तथापि एक भेद विसरतां कामा नये. कारखान्यांत हुकूम चालतो. गांवांत संमति लागते. खाजगी साखर कारखान्यांनीं शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानें घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानें कारखान्यांचे मळे सरकारनें ताब्यांत घेतले व १९६३ सालीं स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे ते गेले. मूळ जमीनमालक खंडकरी शेतकरी मात्र आपली जमीन परत मिळावी म्हणून अनेक वर्षें झगडत राहिले. भोंवतालीं ऊंस डोलत होता; पण ज्याची जमीन होती त्यास विचारणारें कोणी नव्हतें. उत्पन्न वाढलें म्हणून न्याय आपोआप होत नाहीं, हा यांतील धडा होय.

यासाठीं आमचें मत असें, कीं उद्योगपतीनें लोकसेवेंत अवश्य यावें. परंतु येतांना मालकी दाराबाहेर ठेवावी. ज्यास पगार देतों त्याच्याच मतानें आपणांस निवडून यावयाचें आहे, आणि तो उद्यां विरुद्ध बोलला तरी त्याचा रोजगार सुरक्षित राहिला पाहिजे, एवढें ज्यास पचेल तोच पुढारी व्हावयास पात्र. पालकांनींही ग्रामसभेंत जाऊन प्रश्न विचारावेत. उपकाराच्या ओझ्यानें मान खालीं घालून बसणें बरें नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, वालचंदांचें साहस घ्या. माळावर नगर पाहण्याची दृष्टि घ्या. आणि त्या माळावर आधीं कोणाचा नांगर चालत होता, हेंही विचारण्यास विसरूं नका.