मेंढ्यांवर पीएचडी? हो, आणि गवतावरही

‘मेंढ्या राखायला पीएचडी कशाला लागते?’ हा विनोद तुम्ही ऐकला असेल, कदाचित केलाही असेल. आखातातल्या मराठी घरांत मुलं बारावीला आली की गाडी इंजिनीअरिंग, मेडिकल, कॉम्प्युटर, फार तर अर्थशास्त्र इथवर जाते. पशुविज्ञान आणि चराऊ कुरणांचं विज्ञान असं नाव कुणी घेतलं की जेवताना हशा पिकतो. माझं मत उलटं आहे. जीवशास्त्र आणि आकडेमोड दोन्हींची आवड असलेल्या मराठी मुलामुलींसाठी इतकं मोकळं मैदान आज फार थोड्या विषयांत उरलंय, आणि त्यातला एक चांगला प्रश्न आपल्याच फलटण-बारामतीच्या माळावर पडून आहे.

आधी इथलं, मनामातलं बघा. २०१२ साली ऑस्ट्रेलियाहून मेंढ्या घेऊन आलेलं ‘ओशन ड्रोव्हर’ जहाज बहारीनने नाकारलं. कारण दिलं गेलं ते मेंढ्यांच्या तोंडावर खपल्या आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाचं. वीस हजारांहून जास्त मेंढ्या शेवटी कराचीला उतरवल्या गेल्या, तिथे रोगनिदानावरून नवा वाद पेटला आणि त्या मारून टाकल्या गेल्या. जनावरं निरोगी आहेत असं ऑस्ट्रेलिया सांगत राहिली. आता तर मे २०२८ पासून जिवंत मेंढ्यांची समुद्रमार्गे निर्यात बंद करण्याचा कायदाच तिथे झालाय. ज्या बेटाला स्वतःचं कुरण जवळजवळ नाही, त्याचं ताट दुसऱ्याच्या कुरणावर अवलंबून असतं. आपण इथे राहणारे रोज तेच खातो, विचार मात्र करत नाही.

आता फलटण. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. दख्खनी मेंढीला एका वेळी बहुधा एकच कोकरू होतं. घोंगडीच्या जाड लोकरीला भाव राहिला नाही आणि धनगराची कमाई कोकरं विकण्यावर आली. म्हणजे जुळी झाली तर घरात दोन पैसे जास्त. या साध्या हिशोबातून संस्थेचं मोठं काम उभं राहिलं. चंदा निंबकर यांनी ऑस्ट्रेलियात आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठातून डॉक्टरेट केली आणि सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गारोल मेंढीतलं ‘फेक-बी’ हे जनुक दख्खनीत आणण्याचं काम पुढे नेलं. गंमत अशी, की याच जनुकामुळे ऑस्ट्रेलियातली ‘बूरूला’ मेरिनो आधीपासून प्रसिद्ध होती. २००१ साली त्यातला नेमका बदल सापडला आणि तोच बदल गारोलमध्येही निघाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ज्या मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या, त्यांच्याबरोबर तो तिकडे पोचला असावा असं मानतात. फलटणच्या या संकराचं नाव ‘नारी सुवर्णा’. प्रश्न घरचा, शास्त्र जगाचं, आणि फायदा पुन्हा घरी. डॉक्टरेट करायची तर अशी, असं मला वाटतं.

पण जनुक मिळालं म्हणून काम संपत नाही. जुळ्यांतलं दुसरं कोकरू जगायचं तर आईला दूध हवं, आणि दुधाला गवत हवं. इथे जनावराचं शास्त्र थांबतं आणि कुरणाचं सुरू होतं. हा दुसरा भाग आपल्याकडे फार मागे आहे.

माळावर जनावरं जास्त चरली की मारवेलसारखं गोड, बहुवर्षायू गवत मागे हटतं आणि कुसळीचं फावतं. कुसळी कोवळी असताना मेंढ्या खातात. पक्व झाली की तिची कुसळं लोकरीत घुसतात, कातड्यात रुततात. हे धनगराला पाठ आहे. पण किती मेंढ्यांना ‘जास्त’ म्हणायचं? जुनं उत्तर असं की प्रत्येक कुरणाची एक ठरलेली क्षमता असते. १९८८ मध्ये एलिस आणि स्विफ्ट यांनी केनियातल्या तुर्काना पशुपालकांच्या अभ्यासातून वेगळी मांडणी केली: पाऊस फार लहरी असेल तिथे गवताचं भवितव्य कळपाच्या आकारापेक्षा पावसावर ठरतं, आणि खरा उपाय म्हणजे हलत राहणं. दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणाकडे उतरणारा, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवणारा धनगर नेमकं हेच करतो. सालाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आपला माळ या दोन मांडण्यांपैकी कुणाच्या बाजूचा? चौरस आखून, गवत कापून, वाळवून, वजन करून, मेंढ्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून आणि उपग्रहाची चित्रं जोडून याचं उत्तर काढता येतं. चार-पाच वर्षांचं काम आहे. म्हणजे एक पीएचडी.

घाई एवढ्यासाठी, की सरकारी कागदावर हा माळ बहुतेक वेळा ‘पडीक’ असतो. पडीक म्हटलं की तिथे गिरिपुष्पाची रोपं लागतात, नाहीतर कारखाना येतो. झाडं लावली म्हणून टाळ्याही पडतात. लांडगा, माळढोक आणि मेंढपाळ या तिघांची जागा जाते, आणि त्या जागेत काय होतं हे आकड्यांत सांगणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांसाठी आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं; वर्षं जाहीर होतात, माहिती मात्र कुणीतरी उन्हात उभं राहून गोळा करावी लागते.

पैशाचं विचाराल, तर अमेरिकेत या विषयात घेतलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला बहुधा फी माफ होते आणि महिन्याचं मानधन मिळतं. ऑरेगन राज्य विद्यापीठात तर या नावाचा स्वतंत्र विभागच आहे. नोकऱ्या संगणकाइतक्या नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला तीस वर्षांचा होईपर्यंत घर घ्यायचंय त्याने या वाटेला जाऊ नये.

तुमच्या घरात कुणी अर्ज करणार असेल तर एकच सांगतो. तिकडच्या प्राध्यापकांना लिहिताना ‘मला प्राण्यांची आवड आहे’ हे वाक्य गाळा. त्याऐवजी फलटण, माण, इंदापूर यांपैकी एका तालुक्यातल्या एका माळाबद्दल लिहा: तिथे कोणतं गवत आहे, कोण कधी चारतं, पाऊस किती पडतो. त्याआधी एक सुट्टी मुंबईच्या मॉलऐवजी वाड्यावर घालवावी लागेल. बहारीनहून विमान तेवढंच लागतं.