छपराचा भाव फुटाने नव्हे, किलोने विचारा



येत्या जिल्हा बैठकीत आपल्या जिनिंगच्या शेडवर कोणते छप्पर घालायचे, हा विषय आहे. तीन कोटेशने आली आहेत. सर्वांत कमी दर चौरस फूट ज्याचा, त्याला काम द्यावे आणि मोकळे व्हावे, असे पुष्कळांनी बोलून दाखवले. आमचे मत वेगळे आहे. हात वर करण्याआधी ते ऐकून घ्यावे.

आम्ही शिकलो शेतीशास्त्र. छपराचे शास्त्र आम्हाला कॉलेजात कोणी शिकवले नाही, ते मे महिन्यातल्या एका वादळाने शिकवले. एका गटाच्या शेडचे सगळे व्यवहार आम्हीच पाहत होतो. कोटेशन सर्वांत स्वस्त घेतले, त्यावर सहीही आमचीच. तिसऱ्या उन्हाळ्यात अर्ध्या तासाच्या वावटळीत एका पाखीची टिनं उडाली आणि पाठोपाठ पाऊस आला. भाव चढेल म्हणून राखून ठेवलेला कापूस भिजला. दुसऱ्या दिवशी टिनं शोधायला निघालो, तर ती नांगरलेल्या वावरात अर्ध्या मैलावर पडलेली. पत्रे शाबूत होते. फाटली होती ती स्क्रूची भोके. वर चढून पाहिले तेव्हा कळले की ठेकेदाराने एक आडवे अँगल सोडून एकावर स्क्रू मारले होते. वाचले ते त्याचे स्क्रू, गेला तो आमचा कापूस.

छपरावर वारा काय करतो, हे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. घरच्या टिनांवर आपण दगड ठेवतोच. पण हिशेब कोणी करत नाही, तो करू. इमारतींवरील वाऱ्याच्या भारतीय मानकात (875, भाग 3) नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. या वेगाचा दाब दर चौरस मीटरला 118 किलोच्या आसपास भरतो. पत्र्याचे स्वतःचे वजन तेवढ्याच जागेत चार-साडेचार किलो! शिवाय वारा छपराला नुसता दाबत नाही, वरून ओढतो. शेडचा एक दरवाजा सताड उघडा असला तर आत शिरलेला वारा खालूनही उचलतो. कडा, कोपरे आणि आढे इथे ही ओढ सर्वांत जास्त. म्हणून तिथे स्क्रू दाट हवेत, प्रत्येक अँगलवर हवेत. कोटेशनमध्ये स्क्रूची संख्या आणि वॉशरची जात लिहिलेली नसेल, तर ते कोटेशन अपुरे समजावे.

आता पत्र्याच्या जाडीकडे या. इथे तर बाजारातल्या कटतीची आठवण यावी. एक जण म्हणतो 0.50 मिलिमीटर, दुसराही म्हणतो 0.50. पहिल्याचे 0.50 हे नुसत्या पोलादाचे, दुसऱ्याचे जस्ताचा लेप आणि रंग धरून. दुसऱ्याचे पोलाद 0.42 च्या जवळपासच निघते. भाव दुसऱ्याचा कमी, आणि आपण त्याला प्रामाणिक म्हणतो. यावर उपाय आपल्याच हातात आहे, काटा. घड्या पडण्याआधी पत्र्याची पट्टी बहुधा 1220 मिलिमीटर रुंद असते. सहा मीटर लांबीच्या पत्र्यात 0.50 चे पोलाद असेल तर ते 28 ते 29 किलो भरते, 0.40 चे असेल तर 23. लेप आणि रंगाचे किलो-दीड किलो त्यावर धरा. पिढ्यान्पिढ्या आपला माल दुसऱ्याच्या काट्यावर गेला, एकदा दुसऱ्याचा माल आपल्या काट्यावर घेऊन पाहू.

लेपाचाही प्रश्न असाच. साध्या जस्ताचा लेप दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 120 ग्रॅम असतो, तसा 275 ग्रॅमही असतो. दिसायला दोन्ही चकचकीत. 55 टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असा लेप मिळतो, त्याचे 150 ग्रॅम आपल्या हवेत चांगले टिकतात. आमची पसंती त्याला, वर फिकट रंग. गडद निळे छप्पर रस्त्यावरून शोभते, पण मार्चच्या उन्हात त्याखाली सरकी-रुई निवडणाऱ्या बायांना विचारा. कारखाना कायद्याच्या, 1948 च्या, तेराव्या कलमात छत आणि भिंती अशा असाव्यात की आतली उष्णता शक्य तितकी कमी राहील, असे लिहिले होते. आढ्यावर हवा बाहेर पडायला सलग वाट ठेवली, तर पंख्यांपेक्षा ती जास्त काम करते. (आपल्या आज्यांच्या धाब्याच्या घराला हे कोणी शिकवले नव्हते.)

तिसरे कोटेशन सिमेंटच्या पत्र्यांचे आहे आणि ते सर्वांत स्वस्त आहे. ते गंजत नाहीत, टिनापेक्षा कमी तापतात, हे खरे. पण त्यात ॲस्बेस्टॉस आहे. कापताना आणि भोके पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते आणि कर्करोग वीस-तीस वर्षांनी उगवतो. साठहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यतपासणीचे आणि भरपाईचे आदेश दिले, पण माल आजही विकला जातो. त्यात हा पत्रा पायाखाली न सांगता फुटतो. पन्हळ साफ करायला चढेल तो आपलाच पोरगा असेल. आम्ही या कोटेशनला विरोध करणार.

फोम भरलेले जाड पॅनेलही कोणी सुचवले आहे. उष्णता ते छान अडवतात, पण फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी. कापसाच्या शेडवर जळणारी वस्तू कशाला? ज्वारीच्या गोदामाची गोष्ट थोडी वेगळी आहे. थंडीच्या पहाटे उघड्या टिनाला आतून घाम फुटतो, तो पोत्यांवर ठिबकतो आणि बुरशी धरते. तेवढ्या भागावर पत्र्याखाली दगडी लोकरीचा थर घालावा. ती जळत नाही. बिनभोकाचे, शिवण दाबून बसवायचे छप्पर सर्वांत उत्तम, पण त्याला यंत्र आणि तयार माणसे लागतात. आपल्या आकाराच्या शेडला ते झेपणार नाही.

आणखी एक. दोन शेडी जोडून मधे पन्हळ काढायचा नकाशा आहे, तो बदलावा. गळती तिथूनच सुरू होते. एकच दुपाखी छप्पर करावे. 30 बाय 60 मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 1800 लिटर पाणी. ते कडेच्या पन्हळीने टाकीत घेतले तर आगीसाठी कामी येईल.

2020 साली आलेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत व्याजाची तीन टक्के सवलत जास्तीत जास्त सात वर्षांची होती. छप्पर पंचवीस वर्षे टिकायला हवे, त्यावर पुढे सौर पॅनेल बसतील, त्यांचे वजनही कैच्यांनी पेलले पाहिजे. तेव्हा दोन्ही पत्रेवाल्यांना निरोप द्या, सहा मीटरचा एकेक पत्रा घेऊन बैठकीला या. काटा आम्ही आणतो.