विश्लेषण : डोमेन ‘उपलब्ध’ दिसले, पण ते नाव वापरता येईल का?

पुण्यातल्या एका उपाहारगृहाचे नाव ‘बर्गर किंग’. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून ते याच नावाने चालते. याच नावाच्या अमेरिकी कंपनीचे भारतातले पहिले दुकान २०१४ मध्ये सुरू झाले. कंपनीने पुण्याच्या उपाहारगृहाविरुद्ध २०११ मध्येच दावा दाखल केला होता. २०२४ मध्ये पुण्यातील न्यायालयाने तो फेटाळला, डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उपाहारगृहाला हे नाव वापरण्यास तात्पुरती मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. नावाचा एक वाद आणि चौदा वर्षांत तीन न्यायालये.

घरगुती मसाले, दिवाळीचा फराळ, पैठणी किंवा हाताने बनवलेले दागिने ऑनलाइन विकणाऱ्यांना इतकी वर्षे कोर्टात लढणे परवडणारे नाही. त्यामुळे संकेतस्थळाचे नाव सुरुवातीलाच तपासून घेणे महत्त्वाचे ठरते.

‘उपलब्ध’ याचा अर्थ काय?

डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या पानावर नाव टाकले की काही सेकंदांत ‘उपलब्ध’ असे उत्तर येते. ही यंत्रणा एकच गोष्ट पाहते. अगदी तीच अक्षरे त्याच क्रमाने आधी कोणी घेतली आहेत का? एक अक्षर जरी वेगळे असले तरी तिच्या लेखी ते नवे नाव असते. त्या नावावर कोणाचा कायदेशीर हक्क आहे का, हे ती तपासत नाही. उलट ज्या अटींवर आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो, त्यांत या नावाने दुसऱ्याच्या हक्कांचा भंग होत नाही, याची हमी आपणच दिलेली असते.

गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी किंवा जीएसटी क्रमांक मिळाल्यानेही नावावर हक्क मिळत नाही. ते व्यवसायाची नोंद झाल्याचे पुरावे आहेत. नावाचा हक्क ठरतो तो ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार आणि बाजारात ते नाव आधी कोणी वापरले यावरून.

न्यायालयांची भूमिका काय?

१९९९ मध्ये ‘याहू इंडिया डॉट कॉम’ हे नाव वापरण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली. ‘याहू’ची तेव्हा भारतात ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झालेली नव्हती, तरीही नावलौकिकाला संरक्षण मिळाले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ’ने ‘रॅडिफ डॉट कॉम’विरुद्ध दाद मागितली. डोमेन हा केवळ इंटरनेटवरचा पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण मिळायला हवे, असे न्यायालयाने म्हटले.

२००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले. सत्यम इन्फोवे या कंपनीने ‘सिफी’ हे नाव घेतले होते. दुसऱ्या एका कंपनीने एक ‘एफ’ वाढवून ‘सिफीनेट’ नावाने डोमेन घेतले. न्यायालयाने सत्यमच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्याच्या नावाशी साधर्म्य साधून ग्राहकाची दिशाभूल करणे याला कायद्यात ‘पासिंग ऑफ’ म्हणतात आणि ते तत्त्व डोमेनलाही लागू होते, हे त्यातून स्पष्ट झाले.

मराठी नावांची अडचण वेगळी का?

मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची एकच पद्धत नाही. ‘व’साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. ‘ई’साठी कोणी आय, तर कोणी दोन ई. त्यामुळे एकाच नावाची चार-पाच स्पेलिंग होतात आणि त्यातले एखादे डोमेन हमखास मोकळे सापडते. पण वरील दोन्ही प्रकरणांत फरक एका अक्षराचाच होता आणि तो पुरेसा ठरला नाही. नाव कानाला कसे लागते आणि सर्वसाधारण ग्राहकाचा गोंधळ होईल का, हे न्यायालय पाहते. देवनागरीतले ‘डॉट भारत’ डोमेन घेतले, तरी हा नियम बदलत नाही.

कोणती नावे टाळावीत?

महापुरुषांची नावे : बोधचिन्हे आणि नावे (अनुचित वापर प्रतिबंध) कायदा, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि ‘शिवाजी’, ‘गांधी’, ‘नेहरू’ हे शब्द आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाहीत.

भौगोलिक मानांकन मिळालेली नावे : हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. पैठणी आणि कोल्हापुरी चपलेलाही मानांकन आहे. संकेतस्थळाच्या नावात ‘हापूस’ आणि पेटीत दुसरीकडचा आंबा, असे झाले तर कारवाई होऊ शकते.

देवांची आणि वर्णनात्मक नावे : अशी नावे घेण्यास सरसकट बंदी नाही, मात्र त्यांवर एकट्याचा हक्क मिळवणे अवघड असते. उदबत्तीसाठी ‘रामायण’ या शब्दावर कोणाला मक्तेदारी मिळू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. ‘ताजा मसाला’सारख्या नावाचेही तेच. उद्या शेजारच्याने तेच नाव घेतले, तर त्याला अडवता येणार नाही.

प्रसिद्ध ब्रँडला जोडलेली नावे : मोठ्या ब्रँडपुढे गावाचे नाव किंवा ‘मराठी’, ‘ऑनलाइन’ असे शब्द जोडून बचाव होत नाही. ‘याहू’च्या पुढे ‘इंडिया’ होतेच.

मग ठेवायचे काय? बनवलेला शब्द सर्वांत सुरक्षित. ‘सिफी’ हा सत्यम आणि इन्फोवे यांतील अक्षरे घेऊन बनवलेला शब्द होता. आजीचे नाव, गावाचे नाव आणि पदार्थ यांची अक्षरे जुळवून असा शब्द कोणालाही तयार करता येतो.

तपासणी कशी करावी?

पहिली पायरी मोफत आहे. ‘आयपी इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर ट्रेडमार्क शोधता येतो. तिथे शब्दानुसार आणि उच्चारानुसार, असे दोन्ही शोध घ्यावेत. माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले आणि मिठाई वर्ग ३०, लोणची वर्ग २९, कपडे वर्ग २५, दागिने वर्ग १४ आणि ऑनलाइन विक्रीची सेवा वर्ग ३५ मध्ये येते. आपल्या मालाच्या वर्गासोबत वर्ग ३५ ही पाहावा.

नोंदणी नसलेली नावेही अडचणीची ठरू शकतात. म्हणून गुगल, इन्स्टाग्राम, फेसबुक आणि प्ले स्टोअरवर सगळी संभाव्य स्पेलिंग टाकून पाहावीत. नाव मोकळे वाटले, तर डोमेन घेऊन ट्रेडमार्कचा अर्ज करावा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांसाठी ९,००० रुपये. अर्ज नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी चार महिने असतात. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण होते. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लिहिता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच वापरता येतो.

नोटीस आली तर?

घाबरून लगेच नाव सोडू नये आणि नोटिशीकडे दुर्लक्षही करू नये. समोरच्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून तुम्ही ते नाव सातत्याने वापरत असाल, तर ट्रेडमार्क कायद्याचे कलम ३४ संरक्षण देते. त्यासाठी तारखेचा पुरावा लागतो. पहिली बिले, छपाईच्या पावत्या, डोमेन खरेदीचा ईमेल, जुन्या पोस्टचे स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत.

‘डॉट इन’ डोमेनचा वाद ‘निक्सी’ या संस्थेने नेमलेल्या लवादापुढे जाऊ शकतो. नावातले साधर्म्य, तुमचा त्या नावाशी रास्त संबंध आहे का आणि ते वाईट हेतूने घेतले का, हे तिथे पाहिले जाते. निकाल विरोधात गेला, तर डोमेन रद्द होते किंवा तक्रारदाराला दिले जाते.

हे डोमेन हातचे गेले, तर नुकसान वार्षिक शुल्कापुरते राहत नाही. छापलेली लेबले, खोके, ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी लिंक हे सगळे त्याच नावावर असते. लेबले छापायला देण्याआधी एक संध्याकाळ या तपासणीला द्यावी आणि शंका राहिल्यास ट्रेडमार्कचे काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा.