मिशनवाले

आमच्या धाराशिव भागात ‘मिशन’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. जुन्या माणसांना विचाराल तर मिशन म्हणजे दवाखाना. “आज्याला मिरजेच्या मिशनात नेलं होतं,” असं माझे वर्गमित्र सहज सांगायचे. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत काढलेला तो दवाखाना. इथून मिरज काही जवळ नाही, तरी लोक जायचे. आज मात्र हाच शब्द उच्चारला की समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका दिसते. मिशनवाले म्हणजे धर्म बदलायला आलेली माणसं!

मी ख्रिस्ती आहे. सत्तरी ओलांडलेला निवृत्त शिक्षक आहे, जिल्ह्यातल्या शाळांत मराठी शिकवण्यात उभा जन्म गेला. आमच्या समाजाची घरं गावात बोटांवर मोजण्याइतकी. मध्यंतरी एक जुना विद्यार्थी भेटला. आता त्याचं खत-बियाणांचं दुकान आहे. चहा पिता पिता म्हणाला, “गुरुजी, राग मानू नका, पण एक विचारू का? तुमच्या धर्मात परत्येकाला मिशनचं काम करावंच लागतं म्हणे. मग तुम्ही आम्हाला कधीच कसं काही म्हणाला नाहीत?”

त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण प्रश्न मोठा होता, आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून ते इथं सविस्तर लिहितो.

आज्ञा आहे, हे आधी सांगून टाकतो. लपवण्यात अर्थ नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी येशू आपल्या शिष्यांना सर्व लोकांत जाऊन शिष्य करायला सांगतो. ही आज्ञा फक्त पाळकांना आहे असं कुठंही म्हटलेलं नाही. आमच्याकडे प्रवचनात सगळा भर ‘जा’ वर असतो. जा म्हणजे दूर जा, परक्या गावी जा, पत्रकं वाटा, मांडव घाला. मला ग्रीक येत नाही, पण येणाऱ्यांनी लिहिलेलं वाचलं आहे. मुळात तिथं ‘जाणे’ हे मुख्य क्रियापद नाही, ते आपल्या ‘जाऊन’ सारखं धातुसाधित आहे. मुख्य क्रिया आहे शिष्य करण्याची. (त्या ‘जाऊन’ मध्येही आज्ञेचा जोर आहे असं काही अभ्यासक म्हणतात, तेही खरं असेल. मराठीच्या मास्तराला व्याकरण दिसलं की थांबवत नाही, काय करणार!)

तर मुद्दा ‘शिष्य’ या शब्दाचा. शिष्य म्हणजे शिकणारा. शिकवण्याचं काम मी आयुष्यभर केलं, म्हणून त्यातलं थोडं कळतं. ज्या मुलाला दहावीनंतरही प्रत्येक अर्ज लिहायला गुरुजी लागतात, त्याला गुरुजींनी काही शिकवलेलंच नसतं. शिकवणं पुरं झालं की शिकवणाऱ्याची गरज संपते. मिशनचंही तसंच आहे असं माझं मत आहे. ज्या सेवेमुळे सेवा घेणारा कायमचा ओंजळ पसरून बसतो, तिला मी मिशन म्हणणार नाही, मग तिच्यावर क्रूस रंगवलेला असो वा नसो.

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आमच्या भूम-परांड्याच्या शिवेपलीकडे खर्डा, आणि खर्ड्याच्या पुढं जामखेड. जिल्हा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. पण दुष्काळ, ज्वारी, ऊसतोडीला जाणारी माणसं, सगळं आमच्यासारखंच. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दाम्पत्य तिथं आलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९६० मध्ये लग्न झालं तेव्हाच दोघांनी मिळून व्रत घेतलं होतं, की खेड्यातल्या, कुणी विचारत नाही अशा माणसांसाठी आयुष्य घालवायचं. काही वर्षं नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काढली. तिथं रोगी बरा करून घरी पाठवला तरी रोगाचं कारण गावातच बसून होतं. पाणी तेच, उपासमार तीच. मग दोघं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि जामखेडला बसले.

इथवरची गोष्ट चांगल्या डॉक्टरांची आहे. खरी गोष्ट पुढं आहे.

गावोगाव आरोग्य पोचवायला त्यांनी आधी शिकलेल्या नर्स नेमून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या पोरीला खेड्यात एकटं राहणं अवघड, आणि गावालाही ती परकीच. तेव्हा गावातलीच बाई निवडायची आणि तिला शिकवायचं असं ठरलं. या बाया कोण? बहुतेक निरक्षर. अनेक दलित वस्तीतल्या. कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी विधवा. घरातही ज्यांचा शब्द चालत नव्हता अशा. त्या जामखेडला येऊन एकत्र शिकायच्या, एकत्र जेवायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायांनी एका पंगतीला बसणं ही त्या काळी आमच्या भागात काय चीज होती, हे आजच्या पोरांना सांगूनही पटणार नाही. बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, अंगावरचा बधिर चट्टा कसा ओळखायचा, हे सगळं त्या शिकल्या आणि गावातल्या दुसऱ्या बायांना शिकवू लागल्या.

१९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या आत आला. मधल्या काळात, १९७९ साली, आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला पुरस्कारापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. या आरोग्य कार्यकर्त्यांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला एका मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडं बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की डॉक्टर हे या झुंबरांसारखे असतात, सुंदर पण महाग आणि लांब. आपण म्हणजे साधी पणती, पण पणतीवर दुसरी पणती लावता येते. नेमके शब्द माझे आहेत, आशय त्यांचा.

आता विचार करा. डॉक्टरची प्रतिष्ठा कशात असते? त्याला जे कळतं ते दुसऱ्याला कळत नाही, यात. आरोळ्यांनी तेच वाटून टाकलं. पैसे वाटणं त्यामानानं सोपं. ज्या गोष्टीमुळं आपण चारचौघांत मोठे ठरतो ती गोष्ट दुसऱ्याच्या हातात देणं, आणि तीही गावानं सगळ्यात खाली बसवलेल्या बाईच्या हातात, याला मी मिशन म्हणतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले ही गोष्ट आम्ही दर वर्षी आज्ञेच्या गुरुवारी वाचतो. ती जामखेडला कुणीतरी खरोखर मनावर घेतली.

त्याच काळातली दुसरी हकिकत. १९७२ च्या दुष्काळात प्रकल्पाने गावोगाव कूपनलिका घेतल्या. जागा ठरवताना आतून ठरवून त्या दलित वस्तीत घेतल्या. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिकडं यायचं! भाषण नाही, मोर्चा नाही. शिष्यांनी सापासारखं चतुर आणि कबुतरासारखं निरुपद्रवी असावं असं येशू म्हणतो, त्यातल्या पहिल्या अर्ध्याचा आमच्या लोकांना नेहमी विसर पडतो.

कूपनलिकेवरून हापसा आठवला. शाळेसमोर, देवळाजवळ, वस्तीवर, हापसा नाही असं गाव आमच्याकडं शोधूनही सापडायचं नाही. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे पंप एका घरात वापरायला बरे, गावाच्या रगाड्यापुढं ते महिन्यात मोडायचे. जालन्याच्या मिशनमध्ये विहिरी-बोअरचं काम करणाऱ्यांनी पोलादी, दणकट पंप तयार केला. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली. त्याच धर्तीवर पुढं सरकार आणि युनिसेफने मिळून १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हापसा आणला आणि तो देशभर, देशाबाहेरही गेला. मुलं मधल्या सुट्टीत त्याला लोंबकळतात. तो कुठून आला हे कुणाला ठाऊक नाही, आणि त्यामुळं कुणाचंही अडलेलं नाही.

इथं आमच्यातलेच काही जण मला अडवतात. “गुरुजी, मग हे समाजकार्यच झालं. त्यात ख्रिस्ताचं काय?” प्रश्न रास्त आहे. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. त्या संस्थेचा चर्चशी काही संबंध नाही. काम तेच, मोल तेच. मग फरक काय? बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नसेल तर तो दिसलाच पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही. शोमरोनी माणसाच्या दाखल्यात जखमी माणसाला उचलणारा ‘आपला’ नव्हता, हे सांगणारा येशूच होता. फरक असलाच तर तो करणाऱ्याच्या आत असतो. आरोळ्यांनी आपली श्रद्धा कधी झाकून ठेवली नाही. विचारलं तर सांगत. पण उपचार करताना धर्म विचारला जात नव्हता, आणि बरं झाल्याची परतफेड म्हणून कुणाचा देव मागितला जात नव्हता.

धर्मांतराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. धान्याच्या पोत्यावर, औषधाच्या बाटलीवर किंवा शाळेच्या प्रवेशावर श्रद्धा विकत घेणं हे माझ्या धर्माच्या विरुद्ध आहे. कायद्याचं नंतर बघू. आणि असं करणारे आमच्यात कुणी नाहीतच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण विचार करून कुणी श्रद्धा बदलली तर तो त्याचा हक्क आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसह तो बजावला, आणि त्यांनीच घडवलेल्या संविधानाच्या पंचविसाव्या कलमात तो सगळ्यांना आहे. दोन्ही वाक्यं मी एकाच दमात म्हणतो. एकच म्हणून थांबलेलं दोन्ही बाजूंच्या लोकांना आवडतं!

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना या गोष्टीचा काच फार आधी जाणवला होता. मिशनच्या पगारावर ख्रिस्ताची सेवा करणं त्यांना सलू लागलं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही चालत होते. टिळक दोन वर्षांत, १९१९ मध्ये, वारले. तो धागा आम्ही पुढं नेला नाही. आमचं मिशन पुन्हा पगारी माणसाचं काम झालं, आणि आम्ही रविवारी दानपेटीत पैसे टाकून मोकळे.

रोजच्या जगण्यात हे कसं उतरायचं, असं तरुण मुलं विचारतात. त्यांना वाटतं गुरुजी प्रार्थनेबद्दल सांगतील. मी विचारतो, तुझा धंदा काय? शिक्षक असशील तर वर्गात अर्धं शिकवून उरलेलं शिकवणीत विकतोस का? ते करून चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे मी पाहिले आहेत. नर्स असशील तर पेशंटच्या आईला मलमपट्टी शिकवतेस, की ‘बाजूला व्हा’ म्हणतेस? एका मुलाला मोबाइलवरचं सगळं येतं. त्याच्याच गल्लीतल्या म्हाताऱ्या संजय गांधी निराधारच्या पैशासाठी, ई-केवायसीसाठी, ऑटोने तालुक्याला हेलपाटे घालत होत्या. त्याला म्हटलं, भर त्यांचे फॉर्म. त्यानं भरले. मग म्हटलं, आता त्यांच्या सुनांना शिकव. तिथं तो अडला. “गुरुजी, मग मला कोण विचारणार?” म्हणाला. अगदी खरं बोलला. माझ्या मते त्याच्यासाठी मिशनची सुरुवात त्या प्रश्नापाशी होते, फॉर्म भरण्यापाशी नाही.

त्या मुलानं अजून सुनांना शिकवायला घेतलेलं नाही. मी त्याच्या मागं लागलेलो आहे.

आणि दुसरं एक काम हाती घेतलं आहे. आमच्याकडे दर वर्षी तीन दिवसांची सभा होते. बाहेरून वक्ते, मांडव, भोंगे, जेवणावळी. सभेला माझा विरोध नाही, तिथली भजनं मलाही आवडतात. पण यंदाच्या मांडवाचा खर्च किती ते मी लेखी विचारलं आहे. त्यातल्या निम्म्या पैशात वस्तीतल्या दोन मुलींची नर्सिंगच्या कोर्सची फी भरता येईल का, मुली कोणत्या धर्माच्या हे न बघता, हा विषय येत्या रविवारच्या कमिटीत मांडणार आहे. दोघा-तिघांनी आत्ताच नाक मुरडलं आहे. एका बाईंनी मात्र मुलींची नावंसुद्धा आणून दिली.